शिसं वितळवायचं भांडं आणि घरचं पावडर कोटिंग: नऊ महिने वापरल्यानंतर

मासेमारीची वजनं घरी ओतायला घेतलेलं, शिसं वितळवायचं माझं भांडं गळतं. हे आधी सांगतो, कारण नऊ महिन्यांतला निम्मा वैताग या एका गोष्टीचा आहे. दांडा उचलला की खालच्या तोटीतून शिसं साच्यात पडतं, दांडा खाली सोडला की धार थांबायला हवी. माझी धार थांबायची, थेंब थांबायचे नाहीत. साचा उघडून गार झालेली जिगहेड (शिशाचं डोकं असलेली मासे धरायची गरी) काढेपर्यंत खालच्या पत्र्यावर थेंबावर थेंब साचून बोटभर उंचीचा सुळका उभा राहायचा. जानेवारीत एका संध्याकाळी घड्याळ लावून मोजलं. दहा मिनिटांत ४१ थेंब. ते गोळा करून वजन केलं तर २३ ग्रॅम भरलं, म्हणजे दहा ग्रॅमच्या दोन जिग उगाच पत्र्यावर. ७,४०० रुपये मोजून आणलेल्या वस्तूने असं करावं याचा मला मनापासून राग आला.

विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला. बदलून द्यायची मुदत दहा दिवसांची होती, ती ऑक्टोबरातच संपली, असं उत्तर आलं. दुरुस्तीला दिल्लीला पाठवा, जाण्यायेण्याचं भाडं तुमचं. रत्नागिरीहून दिल्लीला पाच किलोचं भांडं पाठवून परत आणायचा खर्च विचारला आणि तो विषय सोडला. त्या रात्री मी जो अभिप्राय लिहून ठेवला होता त्यात एकच तारा दिला होता. बरं झालं पाठवला नाही. दोष पूर्ण भांड्याचा नव्हता.

फेब्रुवारीत भांडं रिकामं करून दांडा बाहेर काढला. त्याच्या टोकाला आणि तोटीच्या बैठकीवर काळी, खरखरीत साय धरली होती. आमच्या गल्लीच्या टोकाला मोटारसायकलच्या गॅरेजवाल्या काकांना दांडा दाखवला. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "यात तू माती वितळवतोस काय?" माती नव्हे, पण तसंच काहीतरी. टायरच्या दुकानातून १२० रुपये किलोने आणलेली चाकाची वजनं (चाकाचा तोल साधायला लावतात ती) मी जशीच्या तशी भांड्यात टाकत होतो. लोखंडी क्लिपा, रस्त्याची धूळ, चिकटपट्टीचा डिंक, सगळं सोबत. ही घाण शिशापेक्षा कितीतरी हलकी असते, वर तरंगायला हवी. पण ती भिंतीला आणि दांड्याला चिकटून खालीही राहते, आणि भांडं रिकामं होत आलं की थेट तोटीच्या बुडाशी येऊन बसते.

काकांनी वॉल्व्ह घासायची पेस्ट दिली, पैसे घेतले नाहीत. दांड्याच्या टोकाला बारीक पेस्ट लावून, हाताने उलटसुलट फिरवत बैठक घासली, रॉकेलने धुतली, पूर्ण वाळवली. दांड्याच्या वरच्या टोकाला एक जड नट अडकवला, म्हणजे तो स्वतःच्या वजनाने घट्ट बसतो. थेंब दहा मिनिटांत सातवर आले.

तेव्हापासून भंगार वेगळं वितळवतो. मागच्या अंगणात गॅसची शेगडी, तिच्यावर जुनी लोखंडी कढई. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, जस्त ४१९ वर. म्हणून आच ३७० च्या वर जाऊ देत नाही. लोखंड आणि चुकून आलेलं जस्त वर तरंगतं, ते झाऱ्याने काढून टाकायचं. थोडं जस्त विरघळलं तरी कढईभर शिसं वाया, साच्यात ते नीट पसरतच नाही. मग मेणबत्तीचा तुकडा, मूठभर सुका भुसा, लोखंडी पळीने तळापासून ढवळणं. राखाडी मळी वर येते, खालचं शिसं आरशासारखं चकाकतं. ते बिडाच्या आप्पेपात्रात ओततो. एकेक आप्पा साधारण २०० ग्रॅमचा निघतो, भांड्यात टाकायला अगदी सोयीचा. हे आप्पेपात्र बायकोने स्वतः दिलं, पण आता ते पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही या अटीवर. ती अट बरोबरच आहे.

दोन गोष्टींवर मी कुणाशी वाद घालत नाही. पहिली म्हणजे पाणी. वितळलेल्या शिशाखाली एक थेंब पाणी गेलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं उसळून अंगावर येतं. कोकणात जूनमध्ये साचासुद्धा ओलसर असतो, तो आधी शेगडीजवळ ठेवून तापवायचाच. दुसरी म्हणजे बॅटरीच्या प्लेटा. भंगारवाला त्या स्वस्तात देतो. त्यांच्यात आम्ल असतं, आर्सेनिक आणि अँटिमनी असतं, आणि त्यातून निघणारे वायू जीव घेऊ शकतात. शंभर रुपये वाचतात म्हणून आणू नका.

आता पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पावडर धातूवर भाजून बसवणं. इथे माझं मत दोनदा बदललं.

ही पद्धत मी अमेरिकन लोकांकडून घेतली. तिथे शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणारे बरेच जण आहेत. ते गोळ्या प्लास्टिकच्या डब्यात पावडर आणि प्लास्टिकच्या छोट्या मण्यांबरोबर जोरात हलवतात. घर्षणाने वीज तयार होते, पावडर शिशाला चिकटते, मग ओव्हनमध्ये भाजतात. आपल्याकडे परवान्याशिवाय गोळ्या बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आणि मला त्यात रसही नाही. पण पागाचे (फेकायच्या जाळ्याचे) मणी आणि गरीची वजनं याच रीतीने रंगवता येतात, हे पाहून मी हरखलो. जानेवारीत पन्नास मणी डब्यात घातले, दोन मिनिटं हलवले, भाजले, आणि बाहेर आले ते मोरपिशी रंगाचे, गुळगुळीत, एकसारखे. हातोड्याने एक मणी चपटा केला. रंगाला तडा नाही.

पावडरसाठी ऑनलाइन पैसे घालवू नका. एमआयडीसीत ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना कोटिंग करणारे असतात, त्यांच्याकडे उरलेली पावडर असते. मला ३०० रुपये किलोने मिळाली. फक्त प्युअर पॉलिस्टर मागा. इपॉक्सी कणखर असते, पण उन्हात पांढुरकी पडते. गरवणाऱ्याची पेटी तर दिवसभर उन्हातच असते.

जूनमध्ये तोच डबा, तीच पावडर, तेच मणी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, पण किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांसाठी भाट्याची खाडी चालू असते. तांबोशी आणि जिताडा हे मासे याच दिवसांत, म्हणून माल हवा होता. दोन मिनिटं डबा हलवला, मग पाच, मग दहा. झाकण काढलं तर शिसं तसंच राखाडी, वर कुठेकुठे पीठ भुरभुरल्यासारखं. बोट लावलं की तेही निघून यायचं. पावडर खराब झाली असं समजून अर्धा किलो टाकून देणार होतो. मग लक्षात आलं की हवेतच पाणी आहे. दमट हवेत पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि घर्षणाची वीज टिकत नाही. पावडर घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवली, थोडा फरक पडला, पण जानेवारीसारखं काही झालं नाही. पावसाळ्यात कोकणात ही पद्धत चालत नाही, असंच मी सांगेन.

जिगहेडला मी सुरुवातीपासून दुसरी रीत वापरतो, आता मण्यांनाही तीच. पक्कडीत गरी धरून डोकं ज्योतीवर पंधरा-वीस सेकंद धरायचं, मग भुसभुशीत केलेल्या पावडरीत एक क्षण फिरवून बाहेर. इथे वीज लागत नाही, शिशाची उष्णता पुरते. पावडर धातूला लागताच वितळते आणि डोळ्यांदेखत ओली, चकचकीत होते. डोकं फार तापलं तर थर जाड बसतो आणि गरीचं भोक बुजतं. तेव्हा गरम असतानाच सुई घालून भोक मोकळं करायचं. थंड झाल्यावर केलंत तर रंगाचा कपचा उडतो. शेवटी तारेला टांगून १९० अंशांवर वीस मिनिटं. नेलपॉलिश काढायच्या द्रावणाने पुसून रंग कापसावर आला तर भाजणं कमी पडलंय असं समजायचं. हा ओव्हन ९०० रुपयांना जुना घेतला, तो पडवीतल्या माळ्यावर असतो, त्यात खायचं काहीही भाजलं जात नाही.

टिकण्याबद्दल मला खरोखर आनंद झाला. आधी मी नेलपॉलिश लावायचो, दोन फेऱ्यांत सोलून जायची. जानेवारीत कोट केलेली एक १४ ग्रॅमची जिग अजून पेटीत आहे. आरे-वारेच्या कातळावर ती कितीदा आपटली असेल, मोजदाद नाही. गरीच्या वळणावर गंज आलाय, डोक्यावर एका बाजूला तांदळाएवढा खळगा पडून शिसं दिसतंय, आणि वर तांबोशीच्या दातांच्या दोन बारीक रेघा. बाकी रंग जसाच्या तसा.

उघडं शिसं हाताळलं की बोटं काळी होतात, कोट केलेल्याने होत नाहीत. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, म्हणून हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. तरी धूळ आणि मळी हाच खरा धोका. या कामाचे कपडे वेगळे, हात साबणाने दोनदा, काम चालू असताना चहा नाही. सुरुवातीला आणि जूनमध्ये माझ्या आणि मुलीच्या रक्तातलं शिसं तपासून घेतलं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भ पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. मुलीची दोन्ही वेळा त्याच्या खाली होती. वाढली असती तर भांडं त्याच दिवशी भंगारात गेलं असतं.

खडकात राहिलेल्या शिशाचीही टोचणी आहे. ब्रिटनने हंस मरतात म्हणून १९८७ मध्ये छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. रंग कधीतरी निघतो, शिसं खाडीतच राहतं. आता अडकलेली जिग ओहोटीला जाऊन शोधून आणतो, शक्य तिथे.

हिशोब: भांडं ७,४००, साचा २,६००, ओव्हन ९००, पावडर ३००, कढई-पक्कड वगैरे १,१००. एकूण १२,३००. बाजारात जिगहेड ५५ रुपयांना, मला गरीसकट १३ ला पडते. आत्तापर्यंत स्वतःला आणि मित्रांना मिळून ३४० केल्या, म्हणजे पैसे वसूल झाले. साचा, पावडर आणि जुना ओव्हन डोळे मिटून घ्या. भांडं लगेच नको. कढई आणि पळीने महिनाभर ओतून पाहा, बारीक गरीच्या खाचेत शिसं पोचत नसेल तरच भांडं घ्या, आणि त्यात कधीही भंगार टाकू नका.

काल रात्री पुन्हा घड्याळ लावलं. दहा मिनिटांत चार थेंब.