ग्नू स्क्रीन ५.०.१ : पॅकेज सोडून सोर्समधून बसवताना

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. मशीन तुमचं एकट्याचं असेल आणि रूटचा (सगळे अधिकार असलेल्या ॲडमिन खात्याचा) पासवर्ड तुमच्याकडे असेल, तर स्क्रीन सोर्समधून बांधत, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करत, बसू नका. पॅकेज मॅनेजरला सांगा, एका ओळीत येतं. पण दुसऱ्याच्या सर्व्हरवर साधा युजर म्हणून काम करत असाल, किंवा उलट बऱ्याच जणांच्या सामायिक सर्व्हरची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर पुढचं वाचा. माझा दोन्हीकडे वावर असतो. काही मशीनांवर मी ॲडमिन आहे, काहींवर मला माझ्या होम डिरेक्टरीच्या बाहेर एक फाइलही ठेवता येत नाही. दोन्ही ठिकाणी स्क्रीन हाताने बसवल्यावर माझं मत असं झालंय : प्रोग्राम चांगला आहे, पण तो बसवताना जे प्रश्न तुम्हाला विचारायला हवेत त्यांची उत्तरं तो परस्पर ठरवून टाकतो.

स्क्रीन काय करतं ते थोडक्यात. एसएसएचचं कनेक्शन तुटलं तरी आत सुरू असलेलं काम सुरूच राहतं, परत लॉग-इन करून तिथेच जोडून घेता येतं, आणि एका टर्मिनलमध्ये हव्या तेवढ्या खिडक्या उघडता येतात. ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी ते १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं. वय सांगायचं कारण असं, की ते कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये (बांधण्याआधी मशीन तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) पदोपदी जाणवतं. ४ च्या मालिकेतला कॉन्फिगर चालवून बघा. तो भाटासारखा पूर्वजांची नावं घेत सुटतो : मिप्स आहे का, अल्ट्रिक्स आहे का, पिरॅमिड आहे का, सीक्वेंट आहे का. यातली बहुतेक नावं आजच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेलीही नसतील. मध्येच 'जॉब कंट्रोल'ऐवजी 'जॉब जॉन्ट्रोल' असं छापून येतं. टायपो आहे, पण बिल्ड लॉगमध्ये तो दिसला की मला बरं वाटतं, सगळं नेहमीसारखं चाललंय म्हणून. ऑगस्ट २०२४ मध्ये ५.० आलं तेव्हा हा पसारा बराच झाडून काढला गेला.

बांधण्याचा भाग खरोखर सोपा आहे, आणि इथे स्क्रीनला पैकीच्या पैकी गुण. सी कंपायलर, मेक आणि एनकर्सेस (टर्मिनलचा पडदा हाताळणारी लायब्ररी), एवढ्यावर भागतं. एनकर्सेसच्या डेव्हलपमेंट फाइली नसतील तर कॉन्फिगर थांबतो आणि तीन उद्गारचिन्हं टाकून म्हणतो : टीगेटएन्ट (एनकर्सेसमधलं एक फंक्शन) नाही, तर स्क्रीन नाही. इतका रोखठोक एरर मी दुसऱ्या कुठल्याच प्रोग्राममध्ये पाहिलेला नाही. रूट नसेल तर एनकर्सेसही आपल्या होममध्येच बांधा. तो मुळातच स्टॅटिक लायब्ररी बनवतो, शेअर्ड हवी असेल तर वेगळं सांगावं लागतं. त्यामुळे तो स्क्रीनच्या बायनरीतच मिसळून जातो आणि चालवताना लायब्ररी शोधण्याची कटकट उरत नाही. सीपीपीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्जमध्ये आपला पाथ द्या, प्रीफिक्स (कुठे बसवायचं ती जागा) होममधला द्या, पॅमच्या (लॉग-इन तपासणाऱ्या यंत्रणेच्या) हेडर फाइली नसतील तर 'डिसेबल-पॅम' द्या. झालं.

याच परिस्थितीत टीमक्स (स्क्रीनसारखंच काम करणारा दुसरा प्रोग्राम) बांधायला गेलात तर एनकर्सेसच्या जोडीला लिबइव्हेंट लागतं, शिवाय याक किंवा बायसन, आणि लायब्ररी शोधून देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला ते सगळं कुठे आहे हे दाखवून द्यावं लागतं. टीमक्स नवा आणि सुटसुटीत, स्क्रीन जुनं आणि किचकट, असं सगळीकडे म्हटलं जातं. वापरण्यापुरतं ते पटतं. पण रूट नसलेल्या माणसाला बसवायला स्क्रीनच सोपं जातं.

आता पर्यायांच्या नावांकडे येऊ. ४ मधून ५ मध्ये येताना काही नावं बदलली. सॉकेट (चालू सेशनला जोडून घेण्यासाठीच्या फाइली) कुठे ठेवायचे हे सांगणाऱ्या पर्यायाच्या सुरुवातीचं 'विथ' जाऊन 'इनेबल' आलं, आणि सगळ्यांसाठीच्या स्क्रीनआरसी या सेटिंगच्या फाइलचा पाथ देणारा 'सिस-स्क्रीनआरसी' आता 'सिस्टम-स्क्रीनआरसी' झालाय. एवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते यामुळे की ऑटोकॉन्फने बनवलेल्या कॉन्फिगरला न ओळखणारा पर्याय दिला तर तो थांबत नाही. 'अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स' असा एक इशारा छापतो आणि पुढे जातो, बिल्ड व्यवस्थित पूर्ण होतो. जुनी बिल्ड स्क्रिप्ट जशीच्या तशी ५ ला लावलीत तर सॉकेट भलत्याच ठिकाणी जाणार आणि स्क्रीनआरसी वाचलीच जाणार नाही, तक्रार मात्र कोणीच करणार नाही. त्यामुळे कॉन्फिगरचं आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि त्यात तो इशारा शोधा. शंका असेल तर 'हेल्प' देऊन त्या आवृत्तीची पर्यायांची यादी स्वतः वाचा, इंटरनेटवरून उचललेल्या ओळीवर जाऊ नका.

या सगळ्या पर्यायांत माझ्या मते एकच खरोखर महत्त्वाचा आहे : 'विथ-पीटीवाय-मोड'. स्क्रीनमध्ये उघडलेल्या प्रत्येक खिडकीमागे एक सूडो-टर्मिनल असतं, आणि त्या फाइलची परमिशन काय असावी हे यावरून ठरतं. रीत ०६२० ची आहे. मालकाला वाचता-लिहिता येतं, टीटीवाय ग्रुपला फक्त लिहिता येतं (राइट आणि वॉल यांसारख्या कमांड त्यावरच चालतात), बाकीच्यांना काहीच नाही. ५.०.० मध्ये कॉन्फिगरचं डिफॉल्ट ०६२२ झालं होतं. शेवटच्या त्या एका आकड्याने मशीनवरच्या कुठल्याही युजरला तुमच्या टर्मिनलवर लिहिण्याची मुभा मिळते. लिहिलं म्हणून काय झालं, असं वाटेल. पण टर्मिनलवर अक्षरांबरोबर एस्केप सीक्वेन्सही लिहिता येतात. त्यातून तुमच्या पडद्यावर खोटा प्रॉम्प्ट उभा करता येतो, आणि खऱ्या प्रॉम्प्टपासून तो वेगळा ओळखू येत नाही.

ही आणि आणखी काही भगदाडं सुसेच्या सुरक्षा गटाने शोधून मे २०२५ मध्ये जाहीर केली. ५.०.१ त्यांच्यावरचाच इलाज आहे. त्यातलं सगळ्यात गंभीर प्रकरण ५.०.० पुरतं होतं : स्क्रीन सेटयूआयडी-रूट (म्हणजे कोणीही चालवलं तरी रूटच्या अधिकारांनी चालणारं) असेल तर लॉग फाइल पुन्हा उघडताना ते रूटचे अधिकार खाली ठेवायचं विसरत होतं, आणि त्या वाटेने साध्या युजरला रूट होता येत होतं. आर्च लिनक्स आणि नेटबीएसडीवर स्क्रीन नेमकं तसंच बसवलेलं होतं. म्हणून आवृत्तीबाबत माझी सूचना एकच : ५ हवं असेल तर ५.०.१ किंवा त्यापुढचं घ्या. आणि डिफॉल्ट काहीही असो, पीटीवाय-मोड हाताने ०६२० असा लिहाच. ज्या बिल्डमध्ये तो आधीपासून लिहिलेला होता, त्यांना डिफॉल्ट बदलल्याचा फटका बसलाच नाही.

आता 'मेक इन्स्टॉल'. हा भाग रूट म्हणून चालवलात तर मेकफाइल बायनरीचा मालक रूटला करते आणि ४७५५ लावते, म्हणजे स्क्रीन सेटयूआयडी-रूट होतं. विचारत नाही, पर्याय देत नाही. त्या ओळीच्या सुरुवातीला उणे चिन्ह आहे, म्हणजे ती फसली तरी मेक पुढे जातो. त्यामुळे साध्या युजरने होममध्ये इन्स्टॉल केलं तर मालक बदलण्याचा प्रयत्न फसतो, पडद्यावर एक एरर दिसतो आणि इन्स्टॉल पूर्ण होतं. तो एरर पाहून घाबरू नका. तुमच्या दृष्टीने तीच बायनरी जास्त चांगली आहे.

हे सेटयूआयडी मुळात आलं कुठून? जुन्या युनिक्सवर सूडो-टर्मिनलच्या फाइली रूटच्या मालकीच्या असायच्या, त्या आपल्या नावावर करून घ्यायला रूटचे अधिकार लागायचे. आता कर्नल आणि ग्रँटपीटी हे लायब्ररीतलं फंक्शन ते काम करतात. आज सेटयूआयडी खऱ्या अर्थाने लागतं ते फक्त मल्टियूजर सेशनसाठी, म्हणजे एका युजरचं सेशन दुसऱ्या युजरने स्वतःच्या लॉग-इनमधून उघडायचं असेल तर. सोय भारी आहे, नाकारत नाही. शिकवताना दोघांनी एकाच टर्मिनलवर बसता येतं. पण ती किती जण वापरतात, आणि तेवढ्यासाठी सर्व्हरवरच्या प्रत्येकाच्या हाती रूटच्या अधिकारांनी चालणारा, १९८७ पासून वाढत आलेला सी प्रोग्राम का द्यायचा? माझ्या ताब्यातल्या मशीनांवर इन्स्टॉल झाल्याबरोबर मी ४७५५ काढून ०७५५ करते. मल्टियूजर मागणाऱ्यांना टीमक्स सुचवते. त्याला सेटयूआयडी लागतच नाही, सॉकेट प्रत्येकाच्या नंबराच्या वेगळ्या डिरेक्टरीत राहतो, आणि तिथे दुसऱ्याला घ्यायचं असेल तर ती परवानगी तुम्ही स्वतः, उघडपणे द्यावी लागते.

सेटयूआयडी काढण्याचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. सेटयूआयडी किंवा सेटजीआयडी प्रोग्राम सुरू होताना लोडर काही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सुरक्षेसाठी पुसून टाकतो. लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं एलडी-लायब्ररी-पाथ त्यातलंच एक. मग स्क्रीनच्या आतल्या शेलमध्ये ते रिकामं असतं, आणि बाहेर नीट चालणारा प्रोग्राम आत गेल्यावर लायब्ररी सापडत नाही म्हणून रडतो. गणनेची मोठी कामं करणाऱ्यांना हे हमखास भोवतं. होममध्ये बांधलेल्या साध्या बायनरीत हा त्रास नाही.

सेटयूआयडी काढलं की सॉकेटच्या डिरेक्टरीचा प्रश्न उभा राहतो. बिल्डमध्ये 'रन' या सिस्टमच्या डिरेक्टरीखालचा पाथ दिलेला असेल आणि तिथे लिहायची परवानगी नसेल, तर डिरेक्टरी बनवता येत नाही असं म्हणून स्क्रीन बंद पडतं. उपाय सोपा आहे. होममध्ये एक डिरेक्टरी करा, तिला ७०० परमिशन (फक्त मालकालाच प्रवेश) द्या आणि स्क्रीनडिर या व्हेरिएबलमध्ये तिचा पाथ घाला. ७०० नसेल तर स्क्रीन सरळ नकार देतं, आणि ते योग्यच आहे. होम डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरून अनेक मशीनांना मिळणाऱ्या डिस्कवर) असेल तर मात्र सॉकेट तिथे ठेवू नका, मशीनच्या स्थानिक डिस्कवर ठेवा. एनएफएसवर सॉकेटची फाइल सगळ्या मशीनांवरून दिसते, पण तिच्यामागचं सेशन एकाच मशीनवर असतं. मग यादीत मेलेली सेशन दिसत राहतात आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

इन्स्टॉलमधली एक गोष्ट मला मनापासून आवडते. बायनरीच्या नावातच आवृत्ती असते, आणि नुसतं 'स्क्रीन' हा तिच्याकडे नेणारा सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल. आवृत्ती बदलताना आतला प्रोटोकॉल बदलला तर नव्या बायनरीने जुन्या सेशनला जोडता येत नाही. अशा वेळी जुनी बायनरी तिच्या पूर्ण नावाने चालवायची, सेशन उघडायचं, काम संपवायचं. टीमक्समध्ये सर्व्हर जुना आणि क्लायंट नवा झाला की जुनी बायनरी शोधताना तारांबळ उडते.

एवढी नाटकं करून मी स्क्रीन का ठेवते? सीरियल पोर्टसाठी. स्विच, राउटर, लहान बोर्ड, कशाचाही कन्सोल यूएसबीच्या ॲडॉप्टरवर आला की स्क्रीनला डिव्हाइसचा पाथ आणि ११५२०० हा वेग द्यायचा, बस. वेगळा प्रोग्राम लागत नाही, आणि ती खिडकीही इतर खिडक्यांसारखी सोडून परत जोडता येते. टीमक्स हे स्वतः करत नाही. मात्र पोर्टच्या ग्रुपमध्ये, बहुधा डायलआउटमध्ये, तुमचं नाव असावं लागतं.

देवनागरीबद्दल. ५.० पासून अक्षरांची रुंदी स्क्रीनमधल्या ठोकळेबाज तक्त्यांऐवजी सिस्टमच्या डब्ल्यूसीविड्थ या फंक्शनवरून घेतली जाते, आणि दिशा बरोबर आहे. तरी जोडाक्षर एकसंध दिसत असताना मोजणीत जास्त घरं धरली जातात, आणि टर्मिनलची मोजणी वेगळी असेल तर कर्सर सरकतो. मराठी फाइली वाचायला चालतं, टाइप करायला मी तिथे बसत नाही.

बसवून झालं की स्क्रीनआरसीत दोन ओळी लगेच टाका. मागच्या ओळींची डिफॉल्ट मर्यादा फक्त १०० आहे, 'डेफस्क्रोलबॅक' १०००० करा. आणि कंट्रोल-ए ही स्क्रीनची मुख्य कळ बॅशमध्ये ओळीच्या सुरुवातीला नेणारी कळही आहे, तेव्हा 'एस्केप'ने दुसरी निवडा. सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा आणि लॉग-इन सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) मशीनवर लॉग-आउट करताच सेशन मरत असेल तर स्क्रीन पुन्हा बांधू नका. तिथे 'किलयूजरप्रोसेसेस' (लॉग-आउटला युजरची कामं मारणारं सेटिंग) चालू आहे का ते ॲडमिनला विचारा, आणि चालू असेल तर तुमच्या खात्याला लिंगर (लॉग-आउटनंतरही कामं चालू ठेवण्याची मुभा) लावून मागा, आणि स्क्रीन 'सिस्टमडी-रन'ला 'यूजर' आणि 'स्कोप' हे पर्याय देऊन त्यातून सुरू करा, नुसता लिंगर पुरत नाही.