शेलचेक: उसन्या स्क्रिप्टांचा चोख परीक्षक

लहान सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये रोजच्या कामाचा बराच भाग उसन्या ओळींवर चालतो. जुने लॉग पुसणे, डेटाबेसचा बॅकअप घेणे, ढीगभर फायलींची नावे एका साच्यात आणणे या कामांसाठी कोणी नव्याने प्रोग्रॅम लिहीत बसत नाही. कुठून तरी चार ओळींची बॅश स्क्रिप्ट (बॅश या शेलसाठी, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेली आज्ञांची यादी) मिळते, ती सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते आणि काही दिवसांनी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत, जाऊन बसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी आणि निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाउससाठी काम करणाऱ्या नाशिकच्या आमच्या संघातही हेच चालते. अशा ओळी तपासून देणारे शेलचेक आम्ही बराच काळ वापरत आहोत, आणि उपयुक्त स्क्रिप्टांचा आणखी एक संग्रह शोधत बसण्यापेक्षा हे एक साधन बसवणे अधिक शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विदार होलेन यांनी हॅस्केल भाषेत लिहिलेले हे साधन मुक्त परवान्याखाली मोफत मिळते. ते स्क्रिप्ट चालवत नाही, केवळ वाचते. उबुंटूवर ॲप्टने आणि मॅकवर होमब्रूने ते सहज बसते. प्रत्येक दोषाला स्वतंत्र क्रमांक असून त्या क्रमांकाचे विकीवर स्वतंत्र पान आहे. त्यावर चुकीचा नमुना, बरोबर नमुना, त्यामागचे कारण आणि सूचना दुर्लक्षित करण्यास हरकत नसलेले प्रसंग, हे सारे दिलेले असते. साधनाइतकीच ही पानेही मोलाची आहेत. नव्याने रुजू झालेल्या मुलांना बॅश शिकवण्यासाठी मी आता हीच पाने पुढे करतो.

सर्वाधिक वेळा भेटणारी सूचना म्हणजे एससी २०८६. व्हेरिएबलभोवती (मूल्य साठवणाऱ्या नावाभोवती) दुहेरी अवतरणचिन्हे नसली, तर बॅश त्यातील मजकुराचे रिकाम्या जागांवर तुकडे करते, आणि मजकुरात तारकाचिन्ह असेल तर त्याच्याशी जुळणाऱ्या फायलींची नावेही तिथे आणून ठेवते. फायलींची नावे एकशब्दी इंग्रजीत असतात तोवर हा दोष लपून राहतो. आमच्याकडे पॅकहाउसमधून येणाऱ्या फायलीचे नाव मात्र ‘दिंडोरी प्लॉट यादी अंतिम’ अशा थाटाचे असते. अवतरणचिन्हांविना लिहिलेल्या ‘आरएम’ या फाइल पुसण्याच्या आज्ञेला ही एक फाइल न दिसता चार वेगवेगळी नावे दिसतात, आणि त्यांतल्या ‘यादी’ नावाची दुसरी फाइल त्या फोल्डरमध्ये असलीच, तर ती निमूटपणे पुसली जाते. फायलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ आज्ञेच्या उत्तरावर लूप फिरवण्याची सवयही याच कारणाने धोक्याची आहे. शेलचेक तीही पकडते आणि त्याऐवजी थेट तारकाचिन्हाचा नमुना वापरण्यास सुचवते.

याहून गंभीर सूचना एससी २११५ ही आहे. न विचारता सारे पुसणाऱ्या ‘आरएम उणे आरएफ’पुढे व्हेरिएबल, तिरकी रेघ आणि तारका अशी रचना असेल आणि ऐन वेळी ते व्हेरिएबल रिकामे निघाले, तर पुसण्याची आज्ञा थेट मूळ फोल्डरपासून लागू होते. हे केवळ पुस्तकी भय नाही. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरील स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये असाच प्रकार उघडकीस आला आणि त्यात वापरकर्त्याच्या फायली पुसल्या गेल्या होत्या. त्या ओळीच्या वर ‘स्केरी’ (भीतिदायक) अशी टीपही लिहिलेली होती, म्हणजे लिहिणाऱ्याला धोक्याची कल्पना होती! अशा ठिकाणी व्हेरिएबल रिकामे असल्यास स्क्रिप्ट तिथेच थांबेल अशी रचना शेलचेक सुचवते.

व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून आलेल्या ओळींचे दुखणे निराळेच असते. सरळ अवतरणचिन्हांची जागा वळणदार चिन्हांनी घेतलेली असते, साध्या रिकाम्या जागेच्या ठिकाणी न तुटणारी जागा येऊन बसते, आणि विंडोजवर जतन केलेल्या फायलीत प्रत्येक ओळीअखेर एक अदृश्य अक्षर राहते. डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि बॅश देत असलेला त्रुटीसंदेश वाचून काही बोध होत नाही. शेलचेक यांतले प्रत्येक चिन्ह ओळ क्रमांकासह दाखवते. एवढ्या एका कामासाठीही ते बसवण्याजोगे आहे.

मर्यादा मात्र नीट लक्षात घेतल्या पाहिजेत. हे साधन लिखाण तपासते, हेतू नव्हे. सात दिवसांपूर्वीचे लॉग पुसण्यासाठी ‘फाइंड’ या फायली शोधणाऱ्या आज्ञेमध्ये ‘एमटाइम अधिक ७’ लिहिण्याचा प्रघात आहे, पण ‘फाइंड’ दिवसाचा अपूर्णांक सोडून देत असल्याने प्रत्यक्षात किमान आठ पूर्ण दिवस जुन्या फायलीच त्यात सापडतात. शेलचेकच्या दृष्टीने ती ओळ निर्दोष असते. मराठी मजकुराच्या बाबतीतही ते फारसे उपयोगी पडत नाही. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करण्यासाठी अनेक जण ‘टीआर’ ही अक्षरे बदलणारी आज्ञा वापरतात. मॅकवर ते चालते, परंतु लिनक्सवरील ग्नू ‘टीआर’ अक्षरांऐवजी बाइट हाताळत असल्याने मजकुराची नासाडी होते. तिथे ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या साधनाची ‘वाय’ आज्ञा वापरावी. ‘नाशिक’ या शब्दाची लांबी बॅशला विचारली तर यूटीएफ-८ लोकेलमध्ये (भाषा आणि अक्षरलेखन ठरवणाऱ्या मांडणीत) ५ मिळते, आणि क्रॉनला ते लोकेल मिळाले नाही तर तीच १५ होते. या दोन्ही बाबतींत शेलचेक गप्प राहते.

झेडशेल या बॅशसारख्याच दुसऱ्या शेलसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टा ते तपासत नाही. २०१९ पासून मॅकवर झेडशेलच मूळ शेल असल्याने ही उणीव काहींना खटकेल. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा उल्लेख करून बॅशमध्येच लिहिणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. जुन्या स्क्रिप्टांवर पहिल्यांदा चालवल्यावर सूचनांचा पाऊस पडतो आणि संघातले लोक वैतागतात. त्यामुळे सुरुवातीला गंभीरतेची मर्यादा ‘इन्फो’वर ठेवावी, आणि शैलीविषयक सूचना पुढे सवडीने पाहाव्यात. काही दुरुस्त्या ते डिफच्या (जुन्या-नव्या ओळींतील फरकाच्या) रूपात तयार करून देते, त्या गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने लागू करता येतात; तरी तो डिफ आधी वाचून पाहावा.

न बसवता वापरून पाहायचे असल्यास त्यांच्या संकेतस्थळावर स्क्रिप्ट चिकटवण्याची सोय आहे. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असेल, आणि तो बहुधा असतोच, तर तिथे चिकटवण्यापूर्वी तेवढी ओळ काढून टाकावी.