इनडिझाइनमधील तक्ते आणि रकान्यांची रुंदी

सोलापुरातल्या छपाईच्या कामात चादरी-टॉवेलांच्या दरपत्रकांना तोटा नसतो, आणि मालाचा तपशील, आकार, वजन व दर हे रकाने कागदाच्या ठरलेल्या रुंदीत बसवायचे असल्याने अ‍ॅडोबी इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा तिथेच होते. दोन रकान्यांमधली रेघ नुसती उजवीकडे ओढली, तर सगळा तक्ताच रुंदावून चौकटीबाहेर जातो. शिफ्ट दाबून ओढली, तर एक रकाना जितका वाढतो तितकाच शेजारचा आटतो आणि तक्त्याची एकूण रुंदी तसूभरही हलत नाही. तक्त्याची उजवी कडा शिफ्टसह ओढल्यास सगळे रकाने प्रमाणात बदलतात, आणि ही सोय मला सर्वांत उपयुक्त वाटते. नेमके माप हवे असेल, तर टेबल पॅनेलमध्ये दराच्या रकान्यासाठी २२ मिमी असा आकडा सरळ भरता येतो. सर्व रकाने समान करणारी आज्ञाही आहे. दरपत्रकात तिचा उपयोग क्वचितच. टेबल स्टाइलमध्ये, म्हणजे तक्त्याचे रूप साठवून पुन्हा वापरण्याच्या सोयीत, मात्र रेघा आणि रंग जपले जातात, रकान्यांची रुंदी नाही. एवढ्या महागड्या सॉफ्टवेअरकडून ती अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. त्यामुळे नव्या हंगामाचे पत्रक जुन्या फाइलची प्रत काढून करणेच सोयीचे पडते.