बल्ब पेटला म्हणून मी फसलो

लॅमिंग्टन रोडवरून हीटरसाठी एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), घेणार असाल तर आधी हे वाचा. माझे अकराशे रुपये गेले, चार किलो माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) वाया गेला, आणि घरात याहून वाईट काही होता होता राहिलं.

परळच्या आमच्या घरी मी बार्ली माल्टचा पाक करतो, ब्रेड करणाऱ्या ओळखीच्या दोघींसाठी. (घरी बिअर करायला १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे मी पाकापाशीच थांबतो.) पहिली पायरी मात्र बिअरचीच, मॅश. भरडलेला माल्ट पाण्यात घालून तासभर ६५ ते ६७ अंशांवर धरायचा. त्या उष्णतेत माल्टमधली अमायलेज विकरं पिठाची साखर करतात. सत्तरच्या वर गेलं की बीटा-अमायलेज झपाट्यानं मरतं, ऐंशीच्या पुढे अल्फाही फार तग धरत नाही. म्हणून पातेल्याला तीन किलोवॅटचं एलिमेंट, तापमान मोजणारा पीटी-१०० सेन्सर, ते ठरल्या अंशावर धरणारा पीआयडी कंट्रोलर आणि त्याच्या हुकमावर वीज चालू-बंद करणारा एसएसआर, असा सगळा संच मी स्वतः जोडला.

दुकानदारानं खोका पुढे केला. वर तैवानच्या नावाजलेल्या कंपनीचं नाव, ४० अँपिअर. तीन किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर, तेव्हा चाळीसचा भरपूर झाला असं मला वाटलं. "दादा, ओरिजिनल आहे, समोर चालवून दाखवतो," म्हणत त्यानं शंभर वॅटचा बल्ब जोडला. बल्ब पेटला, विझला. माझं समाधान झालं. पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर पडतील म्हणाला, तेव्हा मी बिल सोडून दिलं. माझी मोठी चूक इथेच झाली.

शंभर वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. त्या चाचणीतून १३ अँपिअरबद्दल काहीही कळत नाही, आणि हे दुकानदाराला ठाऊक असणारच.

दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या वेळी माल्ट घालून दहा मिनिटं झाली होती. आईचा फोन आला म्हणून बाहेरच्या खोलीत गेलो. परत येऊन पाहतो तर कंट्रोलरवर लाल आकडे ८४, आणि आउटपुटचा दिवा विझलेला. कंट्रोलर "बंद कर" सांगत होता आणि एलिमेंट तापतच होतं. एसएसआर जळतो तेव्हा बहुधा आतल्या आत शॉर्ट होतो, म्हणजे कायमचा चालू राहतो. मी धावत जाऊन एमसीबी पाडला. मॅशचा थेंब बशीत घेऊन आयोडीन टाकलं, काळानिळा झाला. पीठ तसंच राहिलं होतं.

रात्री तो एसएसआर स्क्रूड्रायव्हरनं फोडला. आत अंगठ्याच्या नखाएवढा एकच ट्रायॅक, म्हणजे वीज चालू-बंद करणारा मूळ भाग, त्यावर बीटीए १६. सोळा अँपिअरचा तुकडा, आणि कव्हरवर चाळीसचा छाप!

दुसऱ्या दिवशी गेलो तर दुकानदार म्हणाला, "हा माल आमचा नाही. बिल दाखवा." माझ्याकडे काहीच नव्हतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तरी हातात कागद हवा. त्याच रस्त्यावर सचोटीनं धंदा करणारे पुष्कळ आहेत, नवा एसएसआर मी त्यांच्यातल्याच एकाकडून घेतला. बिलावर मॉडेल नंबर लिहून घेतला, वर १८ टक्के भरले.

आणि हे जरूर करा. एसएसआरच्या आधी वेगळा कॉन्टॅक्टर (मोठा विद्युत स्विच) बसवा आणि तो पाडायला पातेल्याला स्वतंत्र थर्मोस्टॅट लावा, म्हणजे एसएसआर चिकटला तरी वीज तुटेल. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) तर हवाच. एसएसआरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीट सिंक मोठा घ्या, १३ अँपिअरला अस्सल एसएसआरसुद्धा पंधरा-वीस वॅट उष्णता टाकतो. सेन्सरही दुकानातच मल्टिमीटरनं तपासा, वितळत्या बर्फात पीटी-१०० ने १०० ओहम दाखवायला हवेत. दुकानदार त्रासिक चेहरा करेल, करू द्या.

माझा थर्मोस्टॅट ७५ वर लावलेला आहे. दर खेपेला माल्ट घालण्याआधी नुसतं पाणी तापवून तो खरंच वीज तोडतो का, ते बघतो.