रेसिडेंट ईव्हिल २: १९९८चा खेळावा की २०१९चा?

जुन्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’मधल्या झॉम्बींना दार उघडता येत नाही. नव्यातल्यांना येतं. दोन्ही गेममधला खरा फरक मला विचाराल तर एवढाच आहे. पण एवढ्यावर कुणी पैसे खर्च करणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. १९९८चा सप्टेंबर संपत आलाय. रॅकून सिटी हे अमेरिकेतलं काल्पनिक शहर अम्ब्रेला या औषध कंपनीच्या विषाणूने गिळलंय. लिऑन केनेडीचा पोलिसातल्या नोकरीचा पहिलाच दिवस आणि क्लेअर रेडफील्ड ही कॉलेजातली मुलगी भावाचा पत्ता काढत आलेली. दोघांची ताटातूट होते आणि दोघंही शहराच्या पोलीस ठाण्यात शिरतात. हे ठाणं पूर्वी कलासंग्रहालय होतं, असं गेम सांगतो. तेवढ्या एका वाक्यावर पुतळे, गुप्त वाटा आणि युनिकॉर्नचं पदक या सगळ्याचा खुलासा झाला असं आपण मानून घ्यायचं. पुढे गटारं, त्यापुढे जमिनीखालची प्रयोगशाळा. हा आराखडा दोन्हीकडे सारखा आहे.

मात्र २०१९चा गेम म्हणजे जुन्यालाच रंगसफेदी करून आणलाय असं समजू नका. कॅपकॉम या मूळ कंपनीने तो पायापासून नवा बांधलाय. कॅमेरा वेगळा, ठाण्याचा नकाशा बराच वेगळा, संवाद नवे. त्यामुळे एक खेळला की दुसरा खेळल्यासारखाच, हा हिशेब इथे चालत नाही.

जुन्यापासून सुरुवात करू, कारण त्याच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. हा दिग्दर्शक म्हणून हिदेकी कामियाचा पहिला गेम, निर्माता शिंजी मिकामी. आधी तयार होत असलेली आवृत्ती अर्ध्याहून अधिक झाल्यावर त्यांनी चक्क टाकून दिली आणि पुन्हा सुरुवात केली. चाहते त्या टाकलेल्या गेमला ‘१.५’ म्हणतात. त्यात क्लेअर नव्हतीच, एल्झा वॉकर नावाची मोटारसायकलस्वार मुलगी होती. जानेवारी १९९८मध्ये प्लेस्टेशनवर आलेला गेम दोन डिस्कवर होता. एक लिऑनची, एक क्लेअरची.

त्यातला कॅमेरा हलत नाही. प्रत्येक खोली म्हणजे आधीच रंगवून ठेवलेलं चित्र, त्यात तुमचं पात्र फिरतं. कोपरा ओलांडला की झटक्यात दुसरं चित्र. समोरच्या वळणापलीकडे काय आहे हे दिसत नाही, फक्त पाय घासत चालल्याचा आवाज येतो. बंदूक त्या आवाजाच्या दिशेने धरायची आणि थांबायचं. लिकर हा छतावर चढणारा, लांब जिभेचा राक्षस पहिल्यांदा भेटतो तो कॉरिडॉर आठवा. खिडकीबाहेरून काहीतरी सरकन जातं, मग जमिनीवर थेंब पडल्याचा आवाज, मग वर बघणं. कॅमेरा तुमच्या हातात असता तर तुम्ही आधीच वर पाहिलं असतं. न दाखवण्याची ही सत्ता दिग्दर्शकाकडे आहे आणि ती तो पुरेपूर वापरतो.

त्यासोबत येणारी कटकट म्हणजे हालचाल. वरचं बटण दाबलं की पात्र स्वतःच्या नाकासमोर चालतं, डावं-उजवं दाबलं की जागच्या जागी वळतं. रणगाडा चालवल्यासारखं. पहिला तासभर तुम्ही भिंतीला थडकणार, शिव्या घालणार. पण यामागे कारण आहे. चित्र दर चार पावलांनी बदलतं, त्यामुळे साधी दिशा ठेवली असती तर प्रत्येक बदलाला ‘वर’चा अर्थ बदलला असता आणि तुम्ही पळता पळता उलटे फिरून झॉम्बीच्या मिठीत गेला असता. पहिल्या तासानंतर बोटांना सवय होते. ज्यांना होत नाही, त्यांना पुढेही होत नाही, हेही पाहिलंय.

आणि दार. प्रत्येक खोलीत जाताना काळ्या पडद्यावर दार सावकाश उघडतं. खरं तर तेवढ्या वेळात डिस्कवरून पुढची खोली वाचली जात असते. तांत्रिक अडचण झाकायची ही युक्ती, पण तिचा परिणाम विलक्षण: त्या काही सेकंदांत पलीकडे काय असेल याचे सगळे घाणेरडे पर्याय मन स्वतःच तयार करतं. त्याच वेळी दार हे संरक्षणही होतं. मागे चार झॉम्बी असोत, दार गाठलं की सुटलात. भीती आणि सुटका दोन्ही एकाच वस्तूत.

आम्ही चुलत भावंडं हा गेम पाळीपाळीने खेळायचो. कंट्रोलर एकाकडे आणि वही-पेन दुसऱ्याकडे, कारण कुठल्या खोलीत काय राहिलं हे नकाशा सांगत नाही. तिजोरीचा आकडा २२३६ मला अजून पाठ आहे. स्वतःच्या गाडीचा नंबर अजूनही बघून सांगावा लागतो.

जुन्याचे दोष लपवण्यात अर्थ नाही. इंग्रजी संवाद आणि अभिनय ऐकून भर कोसळत्या शहरात हसू येतं. चाकू नुसता शोभेला. नेहमीच्या पातळीवर गोळ्या इतक्या मिळतात की ठाणं संपेपर्यंत सामान साठवायच्या पेटीत साठा झालेला असतो, आणि हातात साठा आला की भीती पातळ होते. सामान ठेवायला जेमतेम आठ खणं, त्यामुळे पेटीपाशी हेलपाटे. कोडी तर बहुतेक ‘ही वस्तू तिकडे नेऊन बसव’ एवढीच. आणि सेव्ह करायला टायपरायटरच्या शाईची रिबन लागते. हा दोष की गुण हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तो गुण वाटतो, पण मुलं झोपल्यावर अर्धा तास खेळणाऱ्या माणसाला वाटेलच असं नाही.

आता नवा. २५ जानेवारी २०१९ला आला. कॅमेरा खांद्यामागे, निशाणा तुमच्या हाती, आणि तरीही घाबरवतो. खांद्यावरच्या कॅमेऱ्याने भयगेमचा मारधाडीचा गेम करून टाकला, ही तक्रार याच मालिकेच्या मधल्या काही भागांबद्दल होती. इथे तसं झालं नाही, आणि त्याचं मुख्य कारण साधा झॉम्बी. डोक्यात तीन-चार गोळ्या घातल्या तरी कधी कधी तो पडून पुन्हा उठतो. गोळ्या मोजक्या, नेम हलणारा, ठाणं काळोखं. हातातल्या टॉर्चच्या वर्तुळाबाहेर काय आहे ते दिसत नाही. कॅमेऱ्याने पूर्वी जे लपवलं ते इथे अंधार लपवतो. पायावर गोळ्या घालून त्याला सरपटायला लावता येतं, खिडकीवर फळ्या ठोकून येण्याची वाट बंद करता येते. म्हणजे प्रत्येक झॉम्बीपाशी हिशेब करायचा: मारू, लंगडा करू, की चुकवून जाऊ? आणि ज्याला सोडून आलात तो तिथेच राहील याची खात्री नाही. दार धडकून तो पलीकडे येतो.

मग येतो मिस्टर एक्स. जुन्यात हा उंच माणूस फक्त दुसऱ्या फेरीत (म्हणजे दुसरं पात्र घेऊन पुन्हा खेळताना), हेलिकॉप्टरमधून टाकलेला, ठरलेल्या ठिकाणी भिंत फोडून येतो. खोली सोडली की विषय संपला. नव्यात तो पहिल्याच फेरीत, ठाणं अर्धंअधिक ओळखीचं झाल्यावर, कोसळलेलं हेलिकॉप्टर हाताने उचलून बाजूला करतो आणि तुमच्याकडे बघतो. त्यानंतर तो पूर्ण इमारतीत तुम्हाला शोधत फिरतो. धावत नाही, चालतो. त्याचे बूट वरच्या मजल्यावर वाजतात, मग जिन्यावर, मग बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. हेडफोन लावून खेळा, दिशा अचूक कळते. कळून उपयोग फारसा होत नाही, कारण तो ज्या बाजूला आहे तिथेच तुमची वस्तू असते. त्याला गोळ्या घालून गुडघ्यावर आणता येतं, मारता येत नाही. सेव्हची खोली तेवढी सुरक्षित. बाकी कुठल्याही दाराला अर्थ उरत नाही.

हे ज्यांना थरारक वाटतं त्यांच्यासाठी २०१९चा ठाण्यातला भाग या प्रकारातला सर्वोत्तम आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन. पण काहींना तो नुसता छळ वाटतो. शांतपणे खोल्या बघणं, चिठ्ठ्या वाचणं, कोडं डोक्यात घोळवणं हे ज्यांना आवडतं, त्यांच्या मागे सतत बूट वाजत राहिले की ते वैतागतात. माझ्या एका मित्राने तर ठाण्याच्या मधोमधच गेम सोडून दिला. तो जुना आजही वर्षातून एकदा खेळतो.

नव्याचे दोषही आहेत. गटारांचा भाग रटाळ: घाणेरड्या पाण्यातून मंद चालणं, विषबाधा, आणि दारासाठीचे प्लग इकडून तिकडे फिरवणं. जुन्यातले मोठाले कोळी आणि कावळे गायब. कोळी गेल्याचं दुःख करणारे कमीच असतील म्हणा. संगीत लक्षात राहत नाही. जुन्याचं सेव्ह-खोलीतलं संगीत ऐकलं की आजही खांदे सैल होतात. नव्यात ती जुनी धून हवी असेल तर वेगळी विकत घ्यावी लागते किंवा डिलक्स आवृत्ती घ्यावी लागते. सुरुवातही मला जुन्याचीच भावते. पहिल्या मिनिटाला जळता रस्ता, चहूबाजूंनी झॉम्बी, शिकवणी वगैरे काही नाही, पळ. नवा आधी पेट्रोलपंपावर हात धरून शिकवतो. उलट लिऑन नव्यात खरा नवशिका वाटतो, बावचळतो, आणि पोलीसप्रमुख आयर्न्ससोबतचे क्लेअरचे प्रसंग आता अंगावर येतात. अभिनयाच्या बाबतीत तुलनाच नको.

सगळ्यात मोठा फरक मात्र दुसऱ्या फेरीत कळतो. जुन्यात एका पात्राने गेम संपवला की दुसऱ्याची ‘बी’ फेरी उघडते आणि ती त्याच रात्रीची दुसरी बाजू असते. पहिल्या फेरीत शस्त्रांच्या कपाटातली मशीनगन आणि जादा सामानाची पिशवी तुम्ही उचललीत, तर दुसऱ्याला तिथे रिकामं कपाट मिळतं. लिऑनने आधी की क्लेअरने आधी, यावरून गोष्ट बदलते, म्हणजे एकूण चार फेऱ्या. १९९८मध्ये हे डोकं चक्रावणारं होतं आणि आजही फार थोड्या गेमनी इतक्या साधेपणाने जमवलंय.

नव्यात दुसरी फेरी आहे, पण जोड निसटली. लिऑनने सोडवलेलं पदकांचं कोडं क्लेअरही तसंच सोडवते. एकाने लोळवलेला बिर्किन, म्हणजे विषाणूने राक्षस झालेला शास्त्रज्ञ, दुसऱ्यासमोर तसाच उभा राहतो. मग पहिल्याने केलं ते घडलं की नाही? गेमकडे उत्तर नाही. लिऑनकडे एडा या गूढ बाईचा भाग वेगळा, क्लेअरकडे शेरी या बिर्किनच्या लहान मुलीचा अनाथाश्रमातला भाग वेगळा, शेवट थोडा लांबतो, बाकी बरंचसं तेच. इतक्या मेहनतीने केलेल्या पुनर्निर्मितीत नेमकी हीच गोष्ट ढिसाळ राहावी याचं मला अजून नवल वाटतं. दोन्ही कथा धड कळाव्यात म्हणून खेळणार असाल, तर जुन्याला पर्याय नाही.

व्यवहाराचं थोडं. नवा पीसीवर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या दोन्ही पिढ्यांवर मिळतो. आयफोनवरही आलाय, पण तो १५ प्रो किंवा त्याहून नवा लागतो. लॅपटॉप जुना असेल तर एक खबरदारी: २०२२मध्ये आलेल्या अपडेटने पीसीवरची गरज वाढवली, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर बीटा पर्यायातून आधीची आवृत्ती निवडता येते, ती हलकी चालते. जुना २०२४पासून गॉग (GOG) या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर आहे, आजच्या विंडोजवर विनासायास चालतो आणि कुठल्याही साध्या ऑफिसच्या लॅपटॉपला पेलतो. किंमतही नव्याच्या मूळ किमतीपेक्षा बरीच कमी, पण सेलमध्ये नवाही खूप खाली येतो, तेव्हा किमतीवरून ठरवू नका. पहिल्यांदा खेळताना नव्याला आठ-नऊ तास धरा, जुन्याच्या एका फेरीला पाच-सहा.

भयगेम आयुष्यात पहिल्यांदाच खेळत असाल तर नवा घ्या, स्टँडर्ड पातळीवर, आणि क्लेअरपासून सुरू करा. तिचा ग्रेनेड लाँचर चुका पोटात घालतो. हार्डकोअर या कठीण पातळीच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नका, तिथे शाईची रिबन परत येते. नवा एकदा खेळून झाला असेल आणि दुसरी फेरी सुरू करायची की नाही या विचारात असाल, तर ती राहू द्या आणि त्या वेळात जुना लावा: आधी क्लेअर, मग लिऑन. कपाटाशी पोहोचाल तेव्हा मशीनगन घ्या, पिशवी लिऑनसाठी ठेवा.