पार्करन : परदेशात एकट्या पडलेल्यांनी धावायला नाही, कामाला जावं

ब्रिटनमध्ये नव्यानं आलेल्या मराठी माणसाचे सोमवार ते शुक्रवार कसेबसे निघतात. नोकरी असते, नाहीतर विद्यापीठ असतं. शनिवार-रविवार अंगावर येतात. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना आणि मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना तर सगळे वार सारखेच. महाराष्ट्र मंडळं आहेत, लंडनचं तर १९३२ पासून आहे, आणि त्यांचा आधार मोठा आहे. पण गणपती, दिवाळी, संक्रांत एवढ्याच भेटींवर ओळख मुरत नाही. त्याच जागी, त्याच वेळी, तीच माणसं दर आठवड्याला भेटावी लागतात. ही गरज पार्करन, म्हणजे दर शनिवारी बागांमध्ये होणारी धावण्या-चालण्याची फेरी, फुकटात भागवतं, पण त्याचा वापर नीट केला तरच.

२ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण धावले आणि हे सुरू झालं. आता दर शनिवारी शेकडो बागांमध्ये ५ किलोमीटरची फेरी होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये सकाळी ९ वाजता, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये साडेनऊला. संकेतस्थळावर एकदाच नाव नोंदवायचं, मिळालेला बारकोड फोनमध्ये ठेवायचा किंवा छापून न्यायचा. तोच बारकोड कुठल्याही गावात, कायमचा चालतो. बारकोड विसरलात तरी धावता येतं, मात्र निकालात नाव येत नाही.

पहिल्यांदा जाताना पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा. नवख्यांसाठी वेगळी माहिती सांगतात, ती ऐकाच. तिथे तुमच्यासारखेच कोणाला न ओळखणारे चार जण उभे असतात आणि बोलायला ती सर्वांत सोपी जागा आहे. धावलंच पाहिजे असं नाही. पूर्ण अंतर चालणारे पुष्कळ असतात आणि सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक ठरवून चालतो, त्यामुळे शेवटून पहिलं येण्याची धास्ती कोणालाच नको. साठी ओलांडलेल्या आईवडिलांना बेधडक न्या. रमतगमत चाललं तर तास-सव्वा तास लागतो. साधे चालायचे बूट पुरतात; हिवाळ्यात चिखल असतो, म्हणून नवेकोरे पांढरे बूट नेऊ नका.

आता महत्त्वाचं. नुसतं धावून घरी येणाऱ्याला पार्करनमध्ये ओळखी होत नाहीत. महिनोन्‌महिने जाऊनही कोणाचं नाव माहीत नसलेली माणसं तिथे असतात. त्यात कोणाची चूक नाही, धावताना बोलायला दमच उरत नाही आणि संपल्यावर जो तो आपल्या गाडीकडे निघतो. इंग्रज माणूस आपणहून घरी बोलावेल अशी वाटही बघू नये. ओळख होते ती कामातून. प्रत्येक फेरी स्वयंसेवकांवर चालते आणि माणसं बहुतेक वेळा कमीच पडतात. संकेतस्थळावर त्या बागेच्या पानावर पुढच्या आठवड्यांची कामांची यादी असते. बुधवार-गुरुवारपर्यंत तिथल्या पत्त्यावर दोन ओळींचा ईमेल टाकायचा : नाव, बारकोडचा क्रमांक, कुठलं काम चालेल.

काम मात्र विचारपूर्वक निवडा. वळणावर उभं राहून रस्ता दाखवण्याचं काम नवख्याला हमखास मिळतं, पण लांबच्या कोपऱ्यात तासभर एकट्यानंच उभं राहावं लागतं. माणसांसाठी आलेल्याला ते काय कामाचं? घड्याळाचं कामही सुरुवातीला नको. अंतिम रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकासाठी बरोबर एकदा बटण दाबायचं असतं; गप्पांच्या नादात एक दाब चुकला की मागच्या सगळ्यांच्या वेळा सरकतात.

बारकोड वाचण्याचं काम घ्या. स्वतःच्या फोनवर त्यांचं ॲप उतरवायचं, शिकायला पाच मिनिटं लागतात. धावून आलेल्याच्या हातात तो कितवा आला त्या क्रमांकाचं टोकन असतं. आधी त्याचा बारकोड, मग टोकन वाचायचं आणि टोकन परत घ्यायचं. लोक ते खिशात घालून घरी नेतात, म्हणून मागूनच घ्या. प्रत्येक माणूस तुमच्यासमोर थांबतो, खुशीत असतो, आपणहून दोन शब्द बोलतो. इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्यालाही इथे निभावून नेता येतं, कारण बोलायचं काय ते ठरलेलं असतं.

त्याहून सरस काम म्हणजे टोकनं क्रमानं लावणं. बऱ्याच बागांमध्ये हे जवळच्या कॅफेत टेबलाभोवती बसून होतं. शे-दोनशे टोकनं एकपासून मांडायची, हरवलेला क्रमांक शोधायचा. हात गुंतलेले असल्यानं गप्पांतली शांतता अवघडत नाही. पुढच्या शनिवारी कोण येणार, कोणाचा गुडघा दुखतोय, सगळं याच टेबलावर कळतं. एकाच बागेत सलग पाच-सहा आठवडे हे केलंत की एखाद्या शनिवारी न दिसल्यास विचारणा होते. आपली आठवण काढणारं गावात कोणीतरी आहे, ही परक्या मुलखात फार मोठी गोष्ट आहे.

बाग निवडताना गर्दीला भुलू नका. बुशी पार्कमध्ये हजाराहून जास्त लोक येतात. तिथे नवखा माणूस हरवून जातो. शंभर-दीडशेची फेरी उत्तम. दर आठवड्याला नवी बाग पालथी घालण्याचा छंद काहींना लागतो, एकटेपणावर त्याचा उपयोग नाही. आणि शक्यतो घरापासून चालत जाता येईल अशी बाग पाहा. याचं कारण नाताळात कळतं. २५ डिसेंबरला आणि १ जानेवारीलाही अनेक बागांमध्ये जादा फेरी असते. एकट्या माणसाला वर्षातला सर्वांत जड जाणारा दिवस नाताळचा, दुकानं बंद, बस-रेल्वे जवळपास नाहीतच. बर्फ साचला तर मात्र फेरी रद्द होते, सकाळी निघण्यापूर्वी त्या बागेचं पान बघा.

मर्यादाही आहेत. हा आठवड्यातला एकच तास आहे. झोप उडालेली, जेवणाची इच्छा मेलेली, अंथरुणातून उठवत नाही अशी अवस्था असेल तर आधी जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा. २०१८ पासून पार्करन आणि तिथल्या जीपींची संघटना मिळून काम करतात, त्यामुळे अनेक दवाखान्यांना ही सेवा माहीत असते. पण औषधाच्या जागी ती धरू नये.

चार ते चौदा वयाची मुलं असतील तर रविवारची दोन किलोमीटरची मुलांची फेरी अधिक सोयीची. तिथे स्वयंसेवक जास्त लागतात आणि ते बहुतेक आसपासच्या शाळांमधल्या मुलांचे आईबाबाच असतात.