झरमॅटला एकच दिवस: सुनेगाची फ्युनिक्युलर, गोर्नरग्राटची रेल्वे की ग्लेशियरचा रोपवे?

स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या चालत नाहीत. गाडी जवळच्या टेश गावात ठेवायची आणि शटल ट्रेनने १२ मिनिटांत गावात यायचं. तिथून वर जायला तीन मुख्य वाटा आहेत आणि बहुतेक मंडळी त्यातली सर्वांत उंच निवडून मोकळी होतात. उंची पाहून तिकीट काढू नका. महिना कोणता, सोबत कोण आणि त्या सकाळी वारा किती, हे आधी पाहा.

सुनेगाची फ्युनिक्युलर १९८० साली सुरू झाली. सप्तशृंगी गडावरची ट्रॉली पाहिली असेल तर तत्त्व ओळखीचं वाटेल. एकाच दोराला दोन गाड्या बांधलेल्या असतात. उतरणारीच्या वजनावर दुसरी चढते आणि मोटरला फक्त दोन्हींतला फरक आणि घर्षण ओढावं लागतं. मधोमध रूळ दुभंगतात, तिथे दोघी एकमेकींना ओलांडतात. सर्वांत तीव्र चढ ६३ टक्के, म्हणजे १०० मीटर आडवं जाताना ६३ मीटर वर. त्यामुळे गाडीची जमीन पायऱ्या-पायऱ्यांची आहे आणि फलाटही तसाच. गुडघेदुखी असलेल्यांनी दाराजवळची जागा धरावी. सुमारे दीड किलोमीटर अंतर पाचेक मिनिटांत संपतं आणि तुम्ही १,६०० मीटरवरून थेट २,२८८ मीटरवर पोचता. कान बंद होतात, आवंढा गिळत राहा.

हा सगळा प्रवास बोगद्यातून आहे. खिडकीबाहेर काहीच दिसत नाही, त्यामुळे ‘गाडीचा अनुभव’ म्हणून तिकीट काढणारे हिरमुसतात. फायदाही त्याच बोगद्याचा. वारा, हिमवृष्टी, हिमस्खलन यांचा रुळांवर परिणाम होत नाही. रोपवे थांबलेल्या दिवशीही सुनेगापर्यंत जाता येण्याची शक्यता चांगली असते. मात्र तिथून ब्लाउहेर्ड आणि पुढे ३,१०३ मीटरवरच्या रोटहॉर्नला नेणारे रोपवे उघड्यावर आहेत. वारा सुटला की आधी ते बंद पडतात.

बोगद्यातली फ्युनिक्युलर म्हटलं की काहींना ऑस्ट्रियातलं काप्रुन आठवतं. ११ नोव्हेंबर २००० रोजी तिथे लागलेल्या आगीत १५५ जण गेले. गाडीच्या मागच्या केबिनमधला हीटर पेटला, गळणाऱ्या हायड्रॉलिक तेलाने आग भडकली आणि तिरक्या बोगद्याचं धुराडं झालं. गाडीतले १२ जण वाचले, ते आगीच्या बाजूने खाली गेले म्हणून. वर पळालेल्यांना धुराने गाठलं. तिरक्या बोगद्यात धूर वरच जातो, एवढं कुठेही लक्षात असू द्या.

गोर्नरग्राटची रेल्वे याच्या अगदी उलट. १८९८ पासून चालणारी ही दातेरी रुळाची विजेवरची गाडी ३,०८९ मीटरवर जायला ३३ मिनिटं घेते आणि ती सगळी मिनिटं पाहण्यासारखी असतात. चढताना उजव्या बाजूला बसा, इथलं प्रसिद्ध शिखर मॅटरहॉर्न तिकडे दिसतं. गाडीखालचं दातेरी चक्र रुळांमधल्या दातांत अडकत जातं, म्हणून बर्फातही गाडी घसरत नाही. मोठ्या हिमवृष्टीत वरचा टप्पा मात्र बंद होऊ शकतो. येताना रोटेनबोडेन स्टेशनला उतरून थोडं खाली चाललं की रिफेलझे तळं लागतं. शिखराचं प्रतिबिंब हवं असेल तर सकाळी लवकर या, वारा उठला की पाणी डहुळतं. स्की न करणाऱ्यांसाठी हिवाळ्यात रोटेनबोडेन ते रिफेलबर्ग अशी घसरगाडीची वाट असते. खरं सांगायचं तर, स्की न करणाऱ्या कुटुंबाला यापेक्षा चांगला पर्याय झरमॅटमध्ये नाही.

खर्चाचं गणित सरळ आहे. सुनेगा सर्वांत स्वस्त. उन्हाळ्याच्या गर्दीत गोर्नरग्राटचं जाऊन-येऊन पूर्ण तिकीट १०० फ्रँकच्या वर जातं आणि ग्लेशियरचा रोपवेही त्याच पातळीवर आहे. स्विस ट्रॅव्हल पासवर तिन्हीकडे निम्मी सवलत मिळते, फुकट काहीच नाही.

ग्लेशियरचा रोपवे जिथे पोचतो ते मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइज ३,८८३ मीटरवर आहे. रोपवेचं स्टेशन गावाच्या दक्षिण टोकाला, तिथून ट्रॉकनर श्टेग या मधल्या स्टेशनपर्यंत छोट्या केबिन आणि मग २०१८ साली सुरू झालेला तीन दोरांचा रोपवे. दोन दोर भार पेलतात, तिसरा ओढतो, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या रोपवेपेक्षा तो जास्त वारा सोसतो. वादळात तोही थांबतोच. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६२-६३ टक्के. पाऊण तासात सव्वादोन हजार मीटर चढल्याने डोकं दुखणं, चक्कर, धाप हे प्रकार सर्रास होतात. हृदयविकार किंवा श्वसनाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि तान्ह्या बाळांना नेऊ नका. आणखी एक, तिथून मॅटरहॉर्नचा तो ओळखीचा टोकदार त्रिकोण दिसत नाही. तो हवा असेल तर सुनेगा किंवा गोर्नरग्राट आणि तेही सकाळी. दुपारनंतर सूर्य शिखराच्या मागे जातो.

स्कीसाठी जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. नवशिके आणि मुलं सुनेगाला, कारण सरकत्या पट्ट्यांचं शिकाऊ मैदान तिथेच लाइझे तळ्यापाशी आहे. सुनेगाच्या उतारांवर ऊन भरपूर, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बर्फाचा चिखल होतो. सकाळचे तास वापरा. सुनेगाहून ब्लाउहेर्ड, गांट, होटेली असं करत गोर्नरग्राटच्या बाजूलाही जाता येतं, त्यामुळे रेल्वेच्या ३३ मिनिटांत वेळ घालवायची गरज नाही. उन्हाळ्यातही हिमनदीवर स्की करायची असेल तर ग्लेशियर पॅराडाइजशिवाय पर्याय नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांनी हे नीट वाचावं. हिवाळी हंगाम संपल्यावर उन्हाळी हंगाम सुरू होईपर्यंत सुनेगाची फ्युनिक्युलर देखभालीसाठी काही आठवडे बंद असते. सुनेगाच्या बाजूची पाच तळ्यांची पायवाटही तेव्हा बर्फाखाली आणि त्यातलं स्टेलिझे तळं गोठलेलं. मेमध्ये गोर्नरग्राट धरा, सुनेगा जुलै ते सप्टेंबरसाठी ठेवा. कुठेही जा, खाली येणारी शेवटची गाडी कधी आहे ते वर पोचल्याबरोबर पाहून ठेवा. सुनेगाला ती चुकली तर फिंडेल्नमार्गे दीडेक तासाची उतरती वाट आहे, पण अंधार पडायच्या आत निघायला हवं.